पान ४१ नंतर

१२ जाने.
लोणावळ्याच्या बाजारात रद्दीवाल्याकडे दहावीच्या गणिताचं जुनं गाईड मिळालं. घरी उघडलं तर पहिल्या पानावर माझंच नाव, माहेरचं. सुनंदा शेडगे, १० वी अ. हसावं की रडावं! पान ४१ पर्यंत पेन्सिलीने सोडवलेलं. तिथेच शाळा सुटली, लग्न ठरलं म्हणून.
यंदा बाहेरून दिलेल्या दहावीत गणित निघालं तर हॉटेलात सुपरवायझर, नाहीतर जन्मभर चादरी बदला. दोनदा गचकलेय.

१३ जाने.
४२ च्या पुढेही सोडवलंय. अक्षर माझंच, ४ ची शेपूट लांब. बेडशाला आईला फोन केला. "तू सासरी गेलीस त्याच आठवड्यात रद्दीत घातलं म्या. कुनी हात बी न्हाई लावला." मग हे कुणी...

२७ जाने.
पेन्सिलीच्या उत्तरावर कागद ठेवून सोडवलं. 5x − 8 = 2x + 13. मी: 5x + 2x = 13 − 8. कागद उचलला. खालीही तीच चूक! सर म्हणायचे, "पोरी, पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं. सासरी आडनाव बदलतं ना, तसं." वर्ग हसायचा. पुस्तकातल्या त्या पोरीचं खोडून नीट केलं:
5x − 2x = 13 + 8
3x = 21
x = 7

२८ जाने.
पुढच्या पानावरचं काल चूक होतं, या डोळ्यांनी पाहिलंय. आज बरोबर आहे. जाम भीती वाटली. लेकीला, पिंकीला, काही बोलले नाही. पुस्तक पिठाच्या डब्यावर ठेवलं.

३ मार्च
शेवटचं उदाहरण कोरं होतं. त्रिकोणाचे कोन x, 2x − 10, x + 30. आज पहिली पायरी आलीय:
x + 2x − 10 + x + 30 = 180
खाली मी लिहिलं, 4x + 20 = 180. वेड लागलंय मला.

४ मार्च
4x = 180 − 20. तिनं चिन्ह बदललं! आनंदाने ओरडलेच. मग लक्षात आलं. हिनं शाळा सोडलीच नाही. म्हणजे लग्न नाही. म्हणजे पिंकी...
पुढचं लिहिलं नाही.

५ मार्च, सकाळ
अकराला पेपर. मी हात लावला नाही तरी 4x = 160 आलंय. खाली एका ओळीची जागा सोडलीय, माझ्यासाठी. ती लिहिली की ही पास होणार, लग्न टळणार, असं मनाने घेतलंय.
पिंकी मागे उभी राहून माझी वेणी घालतेय. वाकून बघते. "आई, चाळीस. लिही की, उशीर होतोय."