काठोकाठ पियाला

अल्माटी, १४ नोव्हेंबर

लाडक्या कामशात,

पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नकोस. आधीच रागावली आहेस, त्यात भर नको. इकडे सगळं ठीक. हिवाळ्याच्या हीटिंगने घर फार तापतं. खिडकी उघडते, लावते, पुन्हा उघडते.

प्रयोगशाळेत जुनंच काम. काचेच्या नळीत केसाहून बारीक कार्बनचा तंतू ओवायचा, तो उंदराच्या मेंदूत ठेवायचा. डोपामिन आलं की पडद्यावरची रेघ उठते. क जीवनसत्त्वानेही तशीच उठते, म्हणून तंतूला लेप द्यायचा; नाहीतर माणूस भलत्यालाच डोपामिन समजतो. हल्ली माझ्या हातून तंतू तुटतात. मी काचेला दोष देते. काल माझ्या हाताखालची गुलनाफिस म्हणाली, "आपा, अल्माटीचे सगळे भूकंप तुमच्याच टेबलाखाली होतात वाटतं!" पोरी हसल्या. मीही हसले, हात खिशात घालून.

आता त्या दिवसाबद्दल. तुझ्या एर्नारच्या होणाऱ्या सासरची माणसं आली होती. घरात अजून सून नाही, म्हणून चहा ओतायला तू मला बसवलंस. आणि मी विहीणबाईंचा पियाला काठोकाठ भरला. अर्धा म्हणजे 'बसा, अजून घ्या', भरलेला म्हणजे 'प्या आणि निघा', हे शेंबड्या पोरालाही कळतं. "पोचला हो चहा," म्हणत त्या शाल सावरून उठल्या. तू मला स्वयंपाकघरात गाठलंस. "मुलगी पसंत नव्हती तर तोंडाने सांगायचंस ना, आपा! माझ्या लेकाचं लग्न पियाल्यात बुडवलंस." मी म्हटलं, लक्ष नव्हतं.

लक्ष होतं गं. हात थांबेना. सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताने चहादाणी दाबून धरली, तर धारच वाढली. रेघ उठली, आणि तुम्ही सगळ्यांनी ती अपमानाची समजलात.

डॉक्टर म्हणतात, पार्किन्सन. जन्मभर जे डोपामिन मोजत आले, तेच माझ्या डोक्यात आटतंय. त्या दिवशी बोलले नाही, कारण मग त्यांनी एर्नारच्या रक्तात आजार शोधला असता. वाटलं, त्यापेक्षा मला उर्मट म्हणू देत. पण न बोलूनही सोयरीक मोडतेच आहे.

तू त्यांच्याकडे जा. पत्र वाचून दाखवू नकोस, नुसती खालची सही दाखव. ती हाताने केलीय. शेजारी माझं हाताने लिहिलेलं जुनं एखादं पत्र धर. विहीणबाईंना म्हणावं, पुढच्या खेपेला चहा दुसरं कुणी ओतेल. पण मी तिथेच बसेन, आणि माझाही पियाला अर्धाच भरा.

तुझी, अजून मोठीच असलेली,
रौशन