लाकडांमागची मांदल

नाना, डहीच्या आदिवासी मुलांच्या वसतिगृहात तुमचा फोटो लावणार आहेत. तुम्ही तिथे अधीक्षक होतात तेव्हा माझ्याच वर्गात असलेला एकजण आता तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. परवा इथे खातेगांवला त्याचा फोन आला, ‘भिया, दो शब्द तो बोलने ही पड़ेंगे.’ मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून जेवण जात नाही.

सध्या तुमची नात अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं ऐकते, ब्लूज म्हणतात त्याला. एक माणूस गातो, गिटार त्याला उत्तर देते. मी विचारलं, इतकं रडवेलं का गं हे? ती म्हणाली, “बाबा, यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पकडून आणून विकलं होतं. कापसाच्या शेतात राबायचे. ढोलावरून एकमेकांना निरोप देतील म्हणून मालकांनी पुष्कळ ठिकाणी ढोलच काढून घेतले. मग ते अंगावर ताल धरायचे. शेतात एकाने हाक घालायची, बाकीच्यांनी झेलायची. उसी में से निकला ये सब.” ती सहज बोलून गेली. मी मात्र डहीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

चुलीच्या लाकडांमागे मुलांनी मांदल लपवली आहे, त्यांच्या पाड्यावरचा ढोल. तुम्ही ती ओढून काढता, कपाटात ठेवून कुलूप लावता. ‘यहाँ पढ़ाई. नाच-गाना घर पे.’ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत सगळी मुलं मांड्यांवर थापा मारताहेत, एकाच तालात. तुम्ही विचारता, ‘क्या चल रहा है?’ ‘मच्छर मार रहे हैं, सर!’ तुम्हालाही हसू आलं होतं, मी पाहिलं. मग म्हणालात, ‘हाथ बांधो.’ वर्षभर ती रांग हाताची घडी घालून उभी राहिली. मीही तिच्यातच होतो.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला कळतं. ती माणसं विकलेली होती. आपली मुलं दिवाळीला घरी जात, आणि ताप आला की तुम्ही त्यांच्या उशाशी बसत होतात. तरी हल्ली संध्याकाळी आरतीला टाळी वाजवताना माझे हात मध्येच थांबतात. भाषणात मांदल सांगितली तर तुम्ही उघडे पडता. गाळली तर रोज देवासमोर मला उभं राहायचंय. जाऊच नये, तर त्या मुख्याध्यापकाला कारण काय सांगू? तो तुम्हाला फार मानतो. तुम्ही तर गेलात; हा कागद पोथीखालीच राहील, आणखी कुठे जाणार?

फोन ठेवता ठेवता त्याने हसत विचारलं होतं, ‘एक बात बता, सर को मांदल का पता दिया किसने था?’ सरांचा मुलगा म्हणून मला कोणी तिला हात लावू देत नव्हतं. त्याच रागात मी तुमच्या कानात सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी एवढं एकच वाक्य खरं बोलायचं होतं. मी म्हणालो, ‘नाना को तो सब पता रहता था, भिया.’