पारिजातकाखालची गृहीत विहीर

विद्यानगर, शुक्रवार

तीर्थरूप कुसुमआत्यांना शिवराजचा साष्टांग नमस्कार. (समोर येऊन घातला असता, पण तोंड दाखवायची सोय मीच ठेवलेली नाही. विद्यानगरहून तुमच्या नल्लकुंट्याला चालत वीस मिनिटं, आणि मी पत्र पाठवतोय, यावरून काय ते समजा.) आपणां उभयतांची प्रकृती ठीक असावी. माझी बरी आहे, फक्त लाज वाटते.

गेल्या महिन्यात टँकरला कंटाळून तुम्ही अंगणातली बुजवलेली विहीर शोधायला काढलीत. ती पारिजातकाखाली, हे तुमचं म्हणणं. फाटकाजवळ, हे एकनाथकाकांचं. आणि हा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा. निवाड्यासाठी मी प्रयोगशाळेतलं रडार आणलं, बाबागाडीसारखं अंगणभर फिरवलं (एकदा काकांच्या पायावरून) आणि यंत्राला नातीगोती नसतात, असं छाती पुढे काढून सांगितलं. आता खरं सांगतो. जमिनीत लहर सोडली की प्रतिध्वनी परत येतो, पण तुमच्या अंगणात जुने नळ, विटा, मोरीचा पाइप, सगळ्यांचे प्रतिध्वनी एकात एक मिसळलेले. नुसत्या त्या आकड्यांतून चित्र निघत नाही. म्हणून आम्ही संख्याशास्त्राने अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाला आधी सांगावं लागतं की काय कुठे असण्याचा संभव किती. मी तुमची जागा सांगितली. (समोर बगारा बैंगन होतं, आणि वाढणाऱ्या तुम्ही होतात.) वर तुमच्या शब्दाला एवढं वजन दिलं की रडारच्या शब्दाला किंमतच उरली नाही. मग काय, पारिजातकाखाली ताटासारखी गोल विहीर उमटली.

काल आमच्या तेजश्रीने (कामाला लागून तिला जेमतेम तीन महिने झालेत) रडारच्या मोजणीची फाइल काढून टाकून तोच हिशेब चालवला. विहीर तिथेच, तेवढीच गोल. काकांची जागा घातली, तर फाटकाजवळ विहीर. शेवटी तिने माझ्या फ्लॅटचा नकाशा घालून देवघराची जागा सांगितली, तर तिसऱ्या मजल्यावर, देवघराखाली विहीर. बिचारी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पण खरी शरम वेगळीच आहे. ते चित्र पाहून काकांनी सगळ्यांदेखत तुम्हाला हात जोडले. मग मला जिन्यात गाठून म्हणाले, "चाळीस वर्षं मी तिला उगीच खोटं पाडलं रे, शिवराज." वजन कुठे टाकलंय, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, जाऊ द्या काका, होतं असं. त्यात तुम्हीच फोनवर सांगितलंत की हल्ली भाजी खारट झाली तरी ते काही बोलत नाहीत.

आपला अपराधी,
शिवराज

ता. क. सोमवारी खोदायला येणाऱ्या माणसांना थांबवा. तुम्हा दोघांचाही शब्द काढून नुसत्या रडारवर हिशेब केला. चित्रात सगळं धुकं आहे. विहीर कुठे आहे, ते मला माहीत नाही.

पुन्हा ता. क. परवाच कोठीच्या दवाखान्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा हे पत्र काकाच वाचून दाखवत असणार. म्हणूनच फोन केला नाही. काका, तुम्हाला हात जोडायला मी लावले. ते परत घ्या आणि माझे जोडलेले समजा. आता पत्र खाली ठेवा, आणि विहीर फाटकाजवळच आहे, असं आत्यांना पूर्वीसारखं खणखणीत सांगा.