जांभळाबाईंची बदनामी

ती. मावशीस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तूर्त अर्धाच समजावा). काकांचा खोकला कसा आहे? तुझ्या काखेतल्या गाठीचंही विचारलं असतं, पण तू फोनवर म्हणालीस, "तू कॅन्सरचं औषध बनवतेच आहेस ना, मग मला कसली घाई?" तेव्हा ते औषध कुठवर आलंय, ते सविस्तर कळवते.

आमचं काम म्हणजे एकाच रेणूला कधी इकडे शेपूट जोडायचं, कधी तिकडचं कापायचं आणि त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात का ते बघायचं (तू बाही उसवून पुन्हा लावतेस तसंच, फक्त इथे अंग कोणाचं ते माहीत नसतं). या खेपेची पावडर निघाली गर्द जांभळी. इतकी देखणी, की मी तिला जांभळाबाई म्हणू लागले. बाईंना पेशींवर सोडलं. आता, पेशी जगल्या की मेल्या हे कळायला आम्ही वरून एक पिवळा रंग घालतो; जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जितकं जांभळं, तितक्या जिवंत. मशीनने आकडा दिला, त्यावरून पेशी नुसत्या जगल्या नव्हत्या, चांगलं बाळसं धरून होत्या! सरांनी कपाळाला हात लावला आणि बाईंची रवानगी कपाटाच्या तळाशी केली. मी त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना ती बाटली कलंडली आणि माझे हातमोजे जांभळे झाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अगं, मशीनला दिसलेला रंग पेशींचा नव्हताच, बाईंचाच होता! नुसत्या पावडरीचा रंग आधी मोजून वजा करायचा असतो, हे नवीन मुलींना मीच शिकवते (तारस्वरात). पुन्हा सगळं मांडलं, आणि या वेळी आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेलेल्या पेशींचा नुसता खच! सरांनी सगळ्यांना चहा पाजला (ही घटना औषधापेक्षा दुर्मीळ). मी फार खूश आहे, मावशी. इतके दिवस कोणी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, सगळ्यांनी नुसतं ठरवून टाकलं होतं.

तुझी,
लाडावलेली भाची

ता. क. बाईंची गोळी होण्याआधी उंदीर, मग माणसं, मग सरकार, एवढ्यांची मर्जी राखायची आहे. तोवर मीच म्हातारी होईन. बाईंच्या भरवशावर राहू नकोस. तुझी गाठही अजून कोणी बघितलेली नाही, तू नुसतं ठरवून टाकलं आहेस.

आणखी एक ता. क. मंगळवारी सकाळी काका तुला चष्म्याच्या दुकानात नेतील. ते चष्म्याचं दुकान नाही (त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मीच सांगून टाकते). मी दारातच उभी असेन. मला फार भीती वाटते आहे, मावशी. माझा हात धरायला ये.