माझ्या नावाचा जिवाणू

उलान-उडे,
६ मार्च २०१२

चि. सोयोलमा,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बऱ्या आहोत. पांढऱ्या महिन्याचा सण झाला. तुझ्या आईने मांसाचं सारण भरून दोनशे बूझ वळले आणि त्यातले निम्मे तुझ्यासाठी म्हणून बाल्कनीत गोठवून ठेवलेत. फोनवर तू रडायला लागलीस की मी विरघळते, म्हणून पत्र लिहितेय.

तुझी बातमी सगळ्या इमारतीत पोचली. शेजारच्या गार्माने जिन्यातच अडवलं. म्हणाली, "बुतिद, तुझ्या नावाचे जंतू निघाले म्हणे! एवढं काय वाकडं केलं होतंस गं भाचीचं?" दोघी पोट धरून हसलो. घरात आल्यावर मात्र चहा टाकायचंही सुचेना. कोट न काढता तशीच बसून राहिले.

सोड्याच्या तळ्याच्या काठावरचा तो गुलाबी पापुद्रा कोणी उचलला, हे तुला सांगायला हवं का? त्यातून हा एकच जिवाणू वेगळा काढायला मला तीन वर्षं लागली. हवा लागली की मरतो, उजेड नसला की उपाशी राहतो, असा लाडावलेला! पुढे आठ वर्षं दर महिन्याला ताज्या सोड्याच्या पाण्यात, काठोकाठ भरलेल्या नव्या बाटलीत मी त्याला नेऊन वाढवत आले. तुझी आजी गेली त्या आठवड्यातसुद्धा.

या जिवाणूवरच्या लेखाच्या मसुद्यात पहिल्या पानावर लेखक म्हणून दोनच नावं होती, तुझं आणि माझं. आता छापायला गेलेल्या पानावर चार आहेत आणि त्यात मी नाही. तुमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. त्यांनी ते तळं नकाशात तरी पाहिलंय का? मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "अगं मावशी, लेखकानं स्वतःचं नाव प्रजातीला द्यायचं नसतं ना! तुझं नाव द्यायचं म्हणूनच तुला यादीतून काढलं. केवढा मान आहे हा!"

हा रिवाज तुला मीच शिकवला, बाई. मान देऊन दाराबाहेर काढायचं मात्र तू कुठे शिकलीस? प्रमुखांनी हे केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. तू केलंस, ते मला फार लागलं.

आणि आता मावशी आठवली! परदेशातल्या जिवाणूंच्या संग्रहाकडे तू पाठवलेली बाटली मेलेली निघाली. दोन देशांत जिवंत नमुना जमा असल्याशिवाय नाव मान्य होत नाही. म्हणून, "पाठव ना गं एक, लवकर."

पाठवली. काल, परस्पर त्यांच्याकडेच. त्या जिवाणूने माझं काही वाईट केलेलं नाही. पण कालच नियतकालिकाच्या संपादकांनाही एक पाकीट गेलं. त्यात माझ्या अकरा वर्षांच्या वह्यांच्या प्रती आहेत, मसुद्याचं ते पहिलं पान आहे, आणि माझं नाव या प्रजातीला देऊ नये, लेखकांत घालावं, अशी मागणी आहे.

लेख थांबला की तुझी पदवी अडकेल, हे कळतं मला. टपाल कचेरीच्या दारातून दोनदा मागे फिरले होते. तिसऱ्यांदा आत गेले.

तुझ्या आईला मी काही बोललेले नाही. ते तूच सांग.

खाली 'तुझी मावशी' असं लिहायला आज हात धजत नाही.

बुतिद दोर्झियेवा,
हा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढणारी