न कळवलेली जागा

पुणे,
१२ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी काल सुखरूप पोचले. आईने बांधून दिलेल्या सुकटीने एसटीत आपलं अस्तित्व दाखवलं आणि शेजारची बाई चिपळूणलाच दुसऱ्या सीटवर गेली, म्हणून प्रवास ऐसपैस झाला.

पत्र का, असं तुम्ही म्हणाल. होडीच्या इंजिनाच्या आवाजाने तुमचे कान गेल्यापासून तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या वाडीला ऐकवायचं. मोबाइलवर लिहावं तर तो सदा सागरच्या हातात, आणि हे धाकट्या भावाने वाचायला नको आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. कॉम्प्युटरमध्ये पाण्याची पेटी करायची, तिच्यात एक प्रोटीन सोडायचं आणि त्याचा कण न् कण कसा हलतो ते पाहायचं. या पेटीला भिंती नसतात. चारी बाजूंना, वर आणि खाली तीच पेटी पुन्हा पुन्हा मांडलेली असते. पेटी लहान पडली तर प्रोटीनला शेजारच्या पेटीतली आपलीच नक्कल जाणवायला लागते. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी सुरुवातीला अंतर मोजलं, ते पुरेसं होतं. पुढे प्रोटीन लांबत गेलं आणि मी पुन्हा मोजलं नाही. मोठ्या पेटीला दुप्पट दिवस लागतात आणि मला घाई होती. माझ्या पेपरात लिहिलंय की या प्रोटीनवरची झडप आपोआप उघडते. ती उघडत नाही बाबा. शेजारची नक्कल तिला ओढत होती.

हे मला एप्रिलमध्ये कळलं. जुन्या फायली चाळताना दिसलं आणि मी फायली बंद करून टाकल्या. त्याच पेपरवर मला जर्मनीची जागा मिळाली आहे, ऑक्टोबरपासून. आणि रविवारी मच्छीमार सोसायटीने माझ्या खांद्यावर शाल घातली, दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी दोन्ही हातांनी झडप कशी उघडते ते करून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुम्ही नुसते माझ्या हातांकडे बघत होता. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या लॅबच्या सरांना सांगितलेलं नाही. काय करू ते कळवा. लोभ आहेच, हे वाचूनही तो आटू देऊ नका.

तुमची,
नम्रता


मिऱ्या, रत्नागिरी
२१ जून २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पेटीचं पहिल्या वेळी कळलं नाही, दुसऱ्या वेळी कळलं, म्हणजे तू मास्तरीण बरी होशील. तुझी आई विचारत होती की पोरीने एवढं लांबलचक काय लिहिलंय. मी सांगितलं की जर्मनीत थंडीला काय न्यायचं ते विचारलंय. तेव्हापासून ती स्वेटर विणते आहे.

आता माझं ऐक, बाय. गप्प राहा. तुझी पेटी मोजायला कोण येतंय? झडप उघडली काय, न उघडली काय, कोणाच्या पोटावर पाय आला? उगाच स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तिकडे जा, स्थिर हो, मग हळूच काय ते नीट कर. तुझा पेपर मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. बंदरावर कोणी भेटलं की दाखवतो. एक अक्षर कळत नाही, पण नाव कळतं.

मासेमारीची पावसाळी बंदी उठेपर्यंत होडी वर काढलेली आहे, डागडुजी चालू आहे. जिवाला लावून घेऊ नकोस. जेवणखाण वेळेवर कर आणि दोन ओळी तरी टाकत जा.

तुझा,
बाबा


पुणे,
२८ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कोणाच्या पोटावर पाय आला, असं तुम्ही विचारलंत. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायचा धीर झाला नाही.

आमच्याकडे सानिका नावाची मुलगी आहे, राजापूरची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सरांनी तिला माझ्याच पेपरच्या पुढचं काम दिलंय. तिने शिकवल्याप्रमाणे पेटी मोठी घेतली. तिची झडप उघडत नाही. सहा महिने ती तेच काम पुन्हा पुन्हा करते आहे. मे महिन्यात काम तपासणाऱ्या समितीने तिच्या कागदावर शेरा मारला की कामात काळजी नाही. जुलैअखेर प्रगती दिसली नाही तर तिचं नाव कमी होणार.

परवा ती माझ्याकडेच आली. ताई, माझं कुठे चुकतंय ते बघाल का, असं विचारत होती. मी तिच्या फायली तासभर बघितल्या. सगळं बरोबर होतं. मी तिला म्हटलं की कॉम्प्युटर बदलून बघ.

हे तुमच्या मुलीने केलं. मला स्वतःची किळस येते आहे. तुम्ही म्हणालात तशी गप्पच आहे. रागावा, पण माया ठेवा.

तुमची,
नम्रता


मिऱ्या, रत्नागिरी
६ जुलै २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुला गप्प राहा म्हणून लिहिलं, कारण मला स्वतःला गप्प राहायची सवय आहे. आज ते सांगतो. हे पत्र वाचून फाडून टाक किंवा ठेव, तुझी मर्जी.

तू बारावीला होतीस त्या वर्षी माझं जाळं पाण्याखालच्या खडपात अडकून फाटलं. सुकाणूवर बसल्या बसल्या माझा डोळा लागला होता. अर्धं जाळं खाली तसंच राहिलं. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. समुद्रात जाळं सुटलं तर बंदराला लागायच्या आत वायरलेसवर जागा कळवायची, म्हणजे दुसऱ्याचं जाळं त्यात गुंतत नाही. आणि मी तीस वर्षं सांगत फिरायचो की या आत्मारामच्या जाळ्याला कधी खडप लागलं नाही. लाज वाटली. जागा कळवली नाही. खलाशांनाही गप्प बसवलं.

चौथ्या दिवशी आपल्याच बंदरावरच्या विठूचं जाळं त्याच जागी अडकलं. ओढताना जाळ्याची वायर तुटून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला हॉस्पिटलात मीच नेलं. लोक म्हणाले, आत्माराम भावासारखा धावला. नऊ वर्षं झाली. तो डाव्या हाताने चहाचा कप धरतो आणि मी समोर बसून पितो.

तुझी चूक पेटीची. ती कोणाचीही होईल. त्या पोरीला कॉम्प्युटर बदल म्हणालीस, ते मात्र माझ्या जातीचं आहे. उद्याच्या उद्या सांग. जर्मनी गेली तर जाऊ दे. बापाबद्दल आता काय वाटेल ते वाटू दे, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
बाबा


पुणे,
१७ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी सरांकडे गेले आणि सानिकालाही तिथे बोलावलं. सरांनी चूक शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं की तुला हे कधी कळलं. मी एप्रिल म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

सानिकाने एवढंच विचारलं की त्या दिवशी तिच्या फायली बघताना मला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. ती उठून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. समितीने शेरा खोडला, तिचं नाव राहिलं. पेपर मागे घ्यायचं पत्र गेलं. जर्मनीहून उत्तर आलं की जागेचा विचार ते नव्याने करतील. आईला स्वेटर थांबवायला सांगू नका, पुण्यातही थंडी पडते.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. फक्त आता सानिका समोरून आली की मी वाट बदलत नाही. माझी ही गोष्ट तुम्ही कोणालाही सांगितलीत तरी चालेल. आणि बाबा, तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते विचारू नका. आहे तसाच लोभ आहे, दोघांनाही तो लागणार आहे.

तुमची,
नम्रता


मिऱ्या, रत्नागिरी
२७ जुलै २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

काल विठूकडे गेलो. तो पडवीत जाळं शिवत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्याने मान वर केली नाही. मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, पण सावकाश म्हणाला की त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या जाळ्याबरोबर माझ्या जाळ्याचा तुकडा वर आला होता, आणि या बंदरावर डावखुरी गाठ मारणारा मी एकटाच. मी हॉस्पिटलात सांगेन असं त्याला वाटलं होतं. मग शिमग्याला वाटलं. पुढे त्याने वाट बघणं सोडून दिलं.

मग त्यानेच विचारलं की नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आज काय झालं. मी तुझं सांगितलं. पोरगी किती दिवस गप्प होती, असं त्याने विचारलं. तीन महिने, मी म्हटलं. तो बोटं नसलेल्या हाताने जाळं सरकवत म्हणाला की मग पोरगी बापापेक्षा बरी निघाली.

तुझ्या सत्काराला मला काही ऐकू आलं नव्हतं. हे आलं. जपून राहा.

तुझा,
बाबा