पिशवीतला कंगवा

कुरुंदवाड
१४ डिसेंबर २००१

प्रिय दानेश्वरी,

मी सांगते आणि शेजारचे बाबासो मास्तर लिहितात. शिवी आली की त्यांचं पेन अडतं, म्हणून हे पत्र माझ्या तोंडापेक्षा जरा सभ्य वाटेल; चालवून घे. आम्ही खुशाल आहोत असं लिहायचं असतं, ते लिहून झालं. खरं सांगायचं तर थकले गं. तुझ्या लेकीच्या वाटणीचंही पाच वर्षं मीच बघतेय. डोळ्यांचं काही नाही, मानच दुखते.

तू मागं लागून भूमिकाच्या नजरेची तपासणी ठरवलीस, ती झाली. मला वाटलं, दवाखान्यासारखं असेल. भिंतीवरची अक्षरं वाचायची आणि कुणीतरी टक्के लिहायचे. पण आल्या त्या चंदनाबाई, गावोगावच्या शाळा फिरणाऱ्या शिक्षिका. म्हणाल्या, डोळ्यात दोष किती ते डॉक्टरांनी लिहिलंय आज्जी, मी बघणार की हाय त्या नजरेवर पोरगी दिवसभर काय काय करती. त्यावरच ठरायचं होतं, पोरगी इथल्या शाळेत राहणार की तुझ्याकडं कोल्हापूरला येऊन, कमी दिसणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या बाई असलेल्या त्या शाळेत जाणार.

आता तुझ्या आईचा शहाणपणा ऐक. बाई आदल्या आठवड्यात वरच्या गल्लीतल्या आकारामच्या नातीला तपासून गेल्या होत्या. मी शेजारच्या धोंडुबाईला आकारामच्या घरी पाठवलं आणि बाईंच्या पिशवीत काय काय असतं, कुठल्या क्रमानं निघतं, सगळं काढून आणवलं. लाल चेंडू, कुलूप, कंगवा, पिवळी वाटी. चार दिवस पोरीकडनं घोकून घेतलं. मला एक अक्षर येत नाही, पण शिकवणी अशी घेतली की मास्तरांनी लाजावं. हे पण लिहा मास्तर, गाळू नका.

तपासणीच्या दिवशी पोरगी सुटलीच. चेंडू झाला, कुलूप झालं, आणि बाईंचा हात अजून पिशवीतच, तोवर हिनं कंगवा म्हणून टाकलं. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, आज्जी, हिला पिशवीतलं पण दिसतंय की, मग मी कशाला आले? मी म्हटलं, आमच्या घराण्याची नजरच तशी हाय. धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला.

रागावल्या नाहीत हं त्या. पिशवी बांधून बाजूला ठेवली, माझ्या हातावर एक सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, ही गालात धरा, दुपारपर्यंत बोलायचं न्हाय, पोरीला हात लावायचा न्हाय. दानू, एवढा वेळ गप्प मी तुझ्या बापाच्या दहाव्यालाही बसले नव्हते.

मग जे बघितलं ते माझ्याच घरातलं, पण मी कधी बघितलं नव्हतं. काळ्या फरशीवर सांडलेली हळद तिला लांबून दिसली, आणि पांढऱ्या ताटातला भात समोर असून दिसेना. बोटांनी ताट चाचपत राहिली. रोज मी कालवून तिच्या हातात घास देते, मग मला कळणार कसं? डाव्या अंगानं आलेली सायकल घंटी वाजेपर्यंत हिच्या गावीच नाही. मग शाळेत गेलो; वर्गात दाराकडं तोंड करून बसवली तर उजेडात सगळं पुसून जातं. पाठीवर उजेड घेऊन बसवली आणि जाड अक्षरांचं पुस्तक वीतभर अंतरावर धरलं, तर धडाधडा वाचली की! फळ्यावरचं मात्र काही नाही. आजवर शेजारी बसणाऱ्या पोरीनं पुटपुटलेलं ऐकून वही भरत होती.

शेवटी बाईंनी तिच्या हातात तांब्या दिला आणि शाळेच्या नळावरनं एकटीनं भरून आणायला सांगितलं. पहिल्याच पायरीला अंगठा ठेचला. मी उठले, बाईंनी नुसती मान हलवली. पोरगी थांबली, मान डावीकडं वळवली, पायानं काठ शोधला आणि उतरली. केवढा वेळ लागला म्हणतेस! अर्धं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं माझ्यापुढं धरून म्हणाली, आज्जी, तू हात धरतीस तवा मी खाली बघतच न्हाय.

बाईंचा कागद मास्तरांनी दोनदा वाचून दाखवला. त्यात पुष्कळ आहे, पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं: पोरीला मी सांगते त्याहून कमी दिसतं, आणि मी करू देते त्याहून जास्त जमतं.

तो कागद येऊन अकरा दिवस झाले. जोंधळ्याच्या डब्याखाली दडवून ठेवलाय. त्यावर आईची नाहीतर बापाची सही लागते, माझा अंगठा चालत नाही. तुला दर पत्रात कळवत आले की आता तिला फळ्यावरचं दिसतं, ते खोटं. मास्तर दरवेळी भुवई उडवायचे, पण लिहायचे. घोकून घेतलं तेही पोरीच्या भल्यासाठी नव्हतं. धाकट्या सोमेशच्या वेळी बाळंतपणाला तू तिला दोन महिन्यांसाठी माझ्याकडं ठेवलीस, आणि तू न्यायला आलीस की दरवेळी मला काहीतरी दुखायचं. दुखत काहीच नव्हतं. ती गेली की घरात कुणासाठी बघायचं, एवढंच होतं. म्हणून हे पत्र. रविवारी ये, सही कर आणि तिला घेऊन जा. रस्त्यानं तिला पुढं चालू दे, तू डाव्या अंगानं एक पाऊल मागं राहा. अडखळली तर लगेच धावू नकोस, मनात दहापर्यंत मोज. मी स्टँडवर येणार नाही. आले तर हात धरीन.

तुझीच,
अव्वा